अंडं सांगतं, खाद्यात काय कमी आहे

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत परसातल्या कोंबडीपालनावर एका पशुसखी ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी, बोलण्याची भाषा फारशी न बदलता छापत आहोत.)



मला आज विषय दिलाय, ‘कोंबड्यांचे पूरक खाद्य आणि त्याचा वाढीवर व अंड्यांवर होणारा परिणाम’. नाव मोठं आहे, पण गटाच्या बैठकीत हाच विषय तुम्ही मला एका ओळीत विचारता. “ताई, असं कोणतं औषध आहे, जे पाजलं की अंडी वाढतील?”

उत्तर आधीच देऊन टाकते. असं औषध नाही. पण कोंबडीच्या पोटात जे कमी जातंय, तेवढं भरून काढलं तर अंडी सुधारतात, पिल्लं वाढतात, आणि फरक पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसतो. आणि ती कमी असलेली वस्तू बहुतेक वेळा बाटलीत नसते. शिंपल्यात असते, सोयाबीनमध्ये असते, शेवग्याच्या पाल्यात असते, कधी तर नुसत्या स्वच्छ पाण्यात असते.

पूरक खाद्य म्हणजे पुरवणी. आपली मुलं परीक्षेला बसतात तेव्हा मूळ उत्तरपत्रिका भरली की पुरवणी मागून घेतात. आता मूळ उत्तरपत्रिका कोरीच ठेवली आणि वर चार पुरवण्या बांधल्या, तर मार्क मिळतील का? कोंबडीचंही तसंच आहे. दाणा, प्रथिनं, कॅल्शियम आणि पाणी ही तिची मूळ उत्तरपत्रिका. ती भरल्याशिवाय टॉनिकवर घातलेला पैसा वाया जातो. आणि तो पैसा आपल्या गटाच्या कर्जातला असतो, हे विसरू नका.

जात बदलली, खाद्य तेच राहिलं

आपल्या सासूच्या काळातली गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी द्यायची. अंडं लहान. दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसायची, मग पिल्लांमागं फिरायची. तेवढ्यात तिच्या शरीराला विश्रांती मिळायची. दिवसभर उकिरडा उकरून किडे, गवत, खडे असं स्वतःचं स्वतः शोधायची. सकाळी मूठभर ज्वारी टाकली की भागत होतं.

आता आपण गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी अशा सुधारित जाती घेतो. ग्रामप्रियेची नीट निगा ठेवली तर ती परसातसुद्धा वर्षाला १६०-१८० अंडी देते, आणि अंडंही मोठं. म्हणजे काम दुपटीपेक्षा जास्त झालं. पण आपण टाकतो काय? तीच मूठभर ज्वारी. मग पहिले दोन-तीन महिने अंडी छान येतात, नंतर कवच पातळ होतं, कोंबडी पायातून बसते, अंडी थांबतात. बाई म्हणते, जातच खराब दिली. तसं नाही ताई. आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळीवाची खीर देतो ना? ही कोंबडी तर जवळजवळ रोज बाळंत होतेय. तिला मात्र नुसती कोरडी भाकरी.

कवच : सगळ्यात मोठी तूट इथेच

अंड्याचं कवच जवळजवळ सगळं चुन्याच्या जातीचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असतं. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. आता ज्वारीत कॅल्शियम किती? १०० ग्रॅममध्ये २५ मिलिग्रॅमच्या आसपास. हिशोब करा. एका अंड्याचं कवच नुसत्या ज्वारीतून बनवायचं म्हटलं तर कोंबडीला सात-आठ किलो ज्वारी खावी लागेल! मक्यातही कॅल्शियम तसं नाहीच म्हणायचं.

मग ती कॅल्शियम आणते कुठून? स्वतःच्या हाडातून. अंडं द्यायच्या वयात तिच्या हाडात कॅल्शियमचा खास साठा तयार होतो, त्यातून ती उचलते. खाद्यातून परत भरलं नाही तर साठा संपतो, हाडं ठिसूळ होतात, मग नुसत्या पडद्याचं मऊ अंडं पडतं आणि शेवटी अंडी बंद. कोंबडी आधी आपलं हाड देते आणि मग हात वर करते.

यावर उपाय स्वस्त आहे. शिंपल्याचा चुरा. दुकानात ‘शेल ग्रिट’ म्हणून मिळतो. तो पीठ करून नको, मसुराच्या दाण्याएवढा जाडसर हवा. कारण असं, की कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी झोपलेली असताना. जाडसर तुकडे तिच्या पोटात, जिथे दाणा दळला जातो तिथे, हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. पीठ असलं तर संध्याकाळीच पुढे निघून जातं. म्हणून चुरा जाडसर घ्यायचा आणि दुपारनंतर खायला मिळेल असा ठेवायचा.

किती द्यायचा? रोज अंडं देणारीला ८-१० ग्रॅम. आपल्या परसातली दिवसाआड देणारी असेल तर ५-६ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. खाद्यात मिसळत बसू नका. खुराड्याजवळ वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला गरज आहे ती बरोबर येऊन खाते.

चुरा मिळाला नाही तर घरातली अंड्याची टरफलं चालतात. ती उकळून किंवा तव्यावर भाजून घ्या, मग चुरा करा. भाजल्यानं जंतू मरतात. आणि चुरा अशासाठी की कोंबडीला ते अंडं म्हणून ओळखू येता कामा नये, नाहीतर तिला स्वतःची अंडी फोडून खायची सवय लागते. कोकणातल्या आपल्या मैत्रिणी तिसऱ्यांची शिंपलं धुऊन, भाजून, कुटून वापरू शकतात. भिंतीला लावायचा चुना मात्र कधीही घालू नका, तो पोट जाळतो.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, हा चुरा पिल्लांसाठी नाही. अंड्यावरच्या कोंबडीचं जादा कॅल्शियमचं खाद्य लहान पिल्लांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. तलंगा पहिलं अंडं द्यायच्या बेताला आल्या की मगच भांडं ठेवायचं. दुसरी, कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते उन्हातून मिळतं. चोवीस तास अंधाऱ्या खुराड्यात कोंडलेल्या कोंबडीला शिंपले घालूनही गुण येणार नाही.

प्रथिनं : पिल्लाची वाढ आणि अंड्याचा आकार

पिल्लाला पहिले सहा आठवडे खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८. ज्वारी, बाजरी, मका यांत ९-१० टक्केच असतात. म्हणून नुसत्या कणीवर वाढवलेलं पिल्लू दोन महिन्यांचं झालं तरी मुठीएवढंच दिसतं, पिसं विस्कटलेली असतात आणि ते दुसऱ्यांची पिसं उपटतं.

पिल्लांसाठी माझा सल्ला सरळ आहे. पहिले सहा आठवडे तयार चिक स्टार्टर घ्या. एवढ्याशा जिवाचं खाणं ते किती! इथे वाचवलेला पैसा पुढे तिप्पट जातो. जोडीला वाळवी द्या. मडक्यात ओलं शेण, पालापाचोळा, थोडा गोणपाट भरायचा आणि वाळवी दिसते तिथे संध्याकाळी ते मडकं पालथं घालायचं. सकाळी वाळवी भरलेली असते. पिल्लं तुटून पडतात आणि आपला खर्च शून्य. पिल्लांच्या पायाची बोटं आत वळायला लागली तर बहुतेक ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. तिथे पाण्यातून द्यायचं जीवनसत्त्वाचं औषध खरंच उपयोगी पडतं. पण रोज ताजं करायचं आणि उरलेलं संध्याकाळी ओतून द्यायचं.

मोठ्या कोंबड्यांसाठी घरच्या घरी मिश्रण करता येतं. मका, ज्वारी किंवा बाजरीची भरड ७ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, कोंबड्यांचं मिनरल मिक्श्चर २०० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. यात १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं बसतात. बाहेर फिरणाऱ्या कोंबडीला रोज ५०-६० ग्रॅम पुरतं, कोंडून ठेवलेलीला मात्र १००-१२० ग्रॅम लागतं. पेंडीऐवजी घरचं सोयाबीन घालणार असाल तर अडीच किलो घ्या, पण चांगलं भाजून. कच्च्या सोयाबीनमध्ये एक घटक असतो, तो प्रथिनं पचूच देत नाही. भाजल्यानं तो मरतो.

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की एकेकीच्या छातीजवळची अन्नाची पिशवी चाचपून बघा. भरलेली लागली तर तिचं पोट भरलंय. रिकामी लागली तर ती दिवसभर फिरली, पण तिला मिळालं काही नाही. उन्हाळ्यात असं फार होतं, कारण रानात किडेही नसतात आणि हिरवंही नसतं.

अझोलाबद्दल खूप जणी विचारतात. अझोला चांगला आहे. पण वाळवलेल्या अझोलात २०-२५ टक्के प्रथिनं असतात, ओल्यात नव्हे. ओला अझोला म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त पाणी. १०० ग्रॅम ओल्या अझोलातून दीड-दोन ग्रॅमच प्रथिनं मिळतात. म्हणून कोंबडीमागे २०-३० ग्रॅम हिरवं खाणं म्हणून द्या, दाणा बंद करू नका.

बलक : रंग येतो कुठून

“गावरान अंडं असेल तर बलक केशरी पाहिजे,” असं गिऱ्हाईक म्हणतं. आपल्याला भाव हवा असेल तर हे समजून घ्यायला हवं. बलकाचा रंग खाद्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यातून येतो. पिवळा मका, शेवग्याचा पाला, लसूणघास, अझोला, झेंडूच्या पाकळ्या यांत ते असतं. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत नसतं. म्हणून नुसत्या ज्वारीवरच्या कोंबडीचा बलक फिकट असतो. हिरवं सुरू केलं की दहा-बारा दिवसांत रंग बदलतो. दसरा-दिवाळीनंतर झेंडूची फुलं उकिरड्यावर जातात, ती वाळवून ठेवा. पण आपल्या शेतातली असतील तरच. बाजारच्या फुलांवर कोणती फवारणी झाली ते आपल्याला कळत नाही.

आणि कवचाचा रंग तपकिरी की पांढरा, हे जातीवर असतं. कोणत्याही खाद्यानं तो बदलत नाही. बदलतो असं सांगून कोणी पावडर विकत असेल तर घेऊ नका.

अंडं नासवणाऱ्या गोष्टी

आपल्याकडे म्हशीसाठी सरकी पेंड घरात असतेच, म्हणून ती कोंबड्यांनाही जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचा घटक असतो. त्यानं अंडं चार दिवस ठेवलं की बलक हिरवट-तपकिरी पडतो, सरकीच्या तेलानं पांढरा भाग गुलाबी होतो. गिऱ्हाईक अंडं परत आणतं आणि आपण म्हणतो, काल तर ताजं होतं. सरकी पेंड म्हशीलाच राहू द्या.

सुकट, जवळा थोडा चालतो, पण जास्त झाला की अंड्याला वास येतो. शिवाय त्यात मीठ असतं, आणि मीठ जास्त झालं तर कोंबडी मरते. खारट पापड, लोणच्याचा खार कोंबडीपुढे टाकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुरशी. “माणसाला नको, कोंबडीला घाला,” हे वाक्य आपल्या तोंडात बसलंय. ते आजपासून काढून टाका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. शोध घेतल्यावर कळलं की खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृत खातं, वाढ थांबवतं, अंडी कमी करतं, आणि भाजूनही नीट जात नाही. पावसाळ्यात मका, पेंड जमिनीवर ठेवू नका, खाली फळी टाका. पंधरा दिवस पुरेल एवढंच मिश्रण करा. पेरणीचं औषध लावलेलं रंगीत बियाणं उरलं तर तेही कोंबड्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

पुरवणीनं जे होत नाही

काही वेळा खाद्यात सगळं असूनही अंडी कमी येतात. थंडीत दिवस लहान होतो, आणि अंड्यासाठी कोंबडीला सोळा तासांच्या आसपास उजेड लागतो. पिसं झडताना ती अंडी थांबवते. खुडूक बसली तरी थांबवते. कडक उन्हाळ्यात ती धापा टाकते, त्यामुळे रक्तातला कवचाला लागणारा घटक कमी होतो आणि कवच पातळ येतं. तिथे सावली आणि दिवसातून तीनदा गार पाणी हेच औषध. एक कोंबडी रोज पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एक दुपार भांडं कोरडं राहिलं तरी अंड्याला फटका बसतो.

आणि एकदम सगळ्याच कोंबड्यांची अंडी वेडीवाकडी, मऊ यायला लागली, त्या सुस्तावल्या, हिरवी हगवण लागली, तर खाद्याचा विचार सोडा आणि पशुवैद्यकाला बोलवा. तो मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकतो. हळद, लसूण द्यायला माझी ना नाही, पण त्यानं राणीखेत थांबत नाही. त्याला लसच लागते. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील त्या दिवशी.

बाटली विकत घेण्याआधी

दुकानदार वाढीसाठी म्हणून कधी कधी जंतुनाशक औषधही देतो. आजार नसताना ते देऊ नका. कोलिस्टिन नावाचं असंच एक औषध वाढीसाठी खाद्यातून दिलं जायचं. माणसाच्या गंभीर आजारात ते शेवटचा आधार असल्यामुळे केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी त्यावर बंदी आणली. अशा औषधांचा अंश अंड्यात उतरतो. ते अंडं आपलंच लेकरू खातं. पशुवैद्यकानं औषध दिलंच, तर किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत ते त्यांनाच विचारा.

आता हिशोब. समजा एक अंडं १० रुपयांना जातं आणि तुमच्याकडे १० कोंबड्या आहेत. महिन्याला शिंपल्याचा चुरा लागेल दीड-दोन किलो. समजा किलोला २० रुपये, तर ३० ते ४० रुपये, म्हणजे चार अंडी. महिन्यात चार अंडी फुटायची वाचली की खर्च निघाला. आता ३०० रुपयांची बाटली घ्या. तिचे पैसे निघायला महिन्यात ३० अंडी जास्त यायला हवीत, म्हणजे प्रत्येक कोंबडीमागे तीन. येतील का? नोंद ठेवा, म्हणजे कळेल.

आपल्याला बचतीची नोंद ठेवायची सवय आहेच. त्याच वहीत एक पान कोंबड्यांचं करा. रोज किती अंडी, त्यात फुटकी किती, मऊ किती. आठवड्याला एक अंडं ताटलीत फोडून बघा, बलक फिकट आहे का, वास येतो का. पिल्लं असतील तर आठवड्याला त्यातली चार तराजूवर ठेवा. नवीन काही सुरू करायचं तर एका वेळी एकच गोष्ट, आणि तीन आठवडे. सगळं एकदम सुरू केलं तर गुण कशाचा आला ते कळणारच नाही. गटात दहा जणींकडे कोंबड्या असतील तर पाच जणींनी सुरू करा, पाच जणींनी थांबा, आणि पुढच्या बैठकीत वह्या शेजारी ठेवा. विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा त्या दहा वह्या खऱ्या.

तायांनो, अंड्याचा पैसा लहान दिसतो, पण घरात कोणाला न विचारता बाईच्या हातात येणारा बहुतेक तोच पैसा असतो. वही-पेन त्यातून, दवाखान्याची रिक्षा त्यातून, गटाचा हप्ताही त्यातून. म्हणून तो बाटलीत ओतण्याआधी अंडं फोडून बघा. काय कमी आहे ते अंडंच सांगतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक वही आणि चार अंडी आणायची आहेत. आपण तिथेच फोडून बघू. आणि बघून झालं की भुर्जी करू!